एवढंसं

आमच्या कपाटात काचेमागे एक पितळी वाटी आहे. तिच्यावर 'सुदृढ बालक स्पर्धा १९६७, पहिला क्रमांक' अशी अक्षरं ठोकून काढलेली आहेत. जन्मात पहिला नंबर मला एकदाच मिळाला, आणि तोही सव्वा वर्षाचा असताना, बसल्या बसल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका महिला मंडळानं ती स्पर्धा भरवली होती. आई सांगते, परीक्षक बाईंनी मला उचलायला हात घातला आणि 'अगं बाई!' म्हणून परत खाली ठेवलं. निकाल तिथंच लागला.

सोबत एक फोटोही आहे. त्यात मी कमी आणि वळ्या जास्त आहेत. मनगटाला दोरा करकचून बांधावा तशी एक वळी, मांडीला तीन, मानेचा पत्ता नाही, आणि गालावर रुपयाएवढी तीट. तो फोटो पुसताना आई अजूनही एकदा माझ्याकडे पाहते आणि सुस्कारा सोडते. "काय होतास रे!" मी आज ८४ किलोंचा आहे, पण त्याचं तिला काही नाही.

ही वाटी आठवायचं कारण चिनू. माझा नातू, वय साडेसहा. त्याचा खोकला हटेना म्हणून आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. आम्ही म्हणजे मी, सूनबाई आणि माझी आई. आई ८३ वर्षांची आहे, पण पणतवंडाच्या खोकल्याला ती जातीनं हजर असते. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, खोकल्याला एका वाक्यात निकालात काढलं, आणि मग चिनूला काट्यावर उभा केला. उंची मोजली. एक कागद काढून त्यावर पेनानं ठिपका दिला, आणि बराच वेळ त्या ठिपक्याकडेच पाहत बसल्या.

तो कागद म्हणजे वाढीचा तक्ता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली आपल्याकडच्या पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तो नव्यानं बेतला. वयाबरोबर चढत जाणाऱ्या वळणदार रेषा, आणि वरच्या बाजूला दोन कुंपणं. पहिलं ओलांडलं की वजन जास्त, दुसरं ओलांडलं की लठ्ठपणा. चिनूचा ठिपका पहिल्या कुंपणावरून उडी मारून दुसऱ्याच्या पलीकडे काय आहे ते टाचा उंचावून बघत होता.

"लठ्ठ?" आई दुखावल्या सुरात म्हणाली. "अहो, खात्यापित्या घरचं पोर आहे ते."

"तेच तर म्हणतेय, आजी," बाई म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात मी विचार करत होतो, की यात थोडा दोष आमच्या भाषेचाही आहे. भरल्या अंगाच्या मुलासाठी मराठीनं दागिने घडवावेत तसे शब्द घडवलेत: गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार, अंगापिंडानं भरलेला. बारीक मुलाच्या वाट्याला मात्र हडकुळा, किडकिडीत, काडी पैलवान आणि पाप्याचं पितर. म्हणजे जिवंतपणीच पिंडाला बसवला बिचाऱ्याला! जाडीचं आम्हाला वावडं नाहीच. पगार लठ्ठ असावा, पाकीट जाड असावं. आणि गुटगुटीतहून सुटलेली गाडी लठ्ठला पोचेपर्यंत मधे एकही स्टेशन नाही, त्यामुळे उतरायचं कुठं ते कोणालाच कळत नाही. पोचल्यावर मात्र तेच काका, त्याच मावश्या, ज्यांनी गालगुच्चे घेऊन घेऊन गाल लाल केले, त्याच 'ए ढोल्या' म्हणून हाक मारू लागतात. पोराला काय वाटत असेल? कालपर्यंत ज्याची वाटी मिळत होती, त्याचीच आज टिंगल.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला ५८ वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मूल पहिल्या वर्षात गोल होतं. मग ते उभं राहतं, धावतं, आणि उंचीच्या मानानं बारीक बारीक होत जातं. पाच-सहा वर्षांचं असताना ते सगळ्यात लुकडं दिसतं. त्यानंतर पुन्हा भरू लागतं. हा निसर्गाचा क्रमच आहे. बरगड्या मोजता येणारं, दिवसभर हुंदडणारं पाच वर्षांचं पोर बहुतेक वेळा ठणठणीत असतं. उलट हे दुसऱ्यांदा भरणं जितकं लवकर सुरू होईल तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त.

आता आमच्या घरी काय झालं ते ऐका. चिनू चार वर्षांचा झाला आणि त्याचं बाळसं उतरलं. झालं! मीठमोहऱ्या ओवाळल्या. जंताचं औषध झालं. च्यवनप्राश आलं, खारकेची पूड आली, दुधात घालायची चॉकलेटी पावडर आली, जिच्या डब्यावर एक मुलगा सतत कुठेतरी धावत असतो. (२०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं, की असल्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणू नका, कायद्यात तसा प्रकारच नाही. आमच्या घरी ती बातमी पोचली तेव्हा तिसरा डबा फुटला होता.) निसर्ग पोराला शिस्तीत बारीक करत होता. आम्ही पाच मोठ्या माणसांनी मिळून निसर्गाचं काही चालू दिलं नाही.

त्या रात्री चिनू झोपल्यावर चौकशी बसली. सूनबाई बँकेत आहे, तेही हिशेब तपासणाऱ्या खात्यात, त्यामुळे कागद-पेन तिच्याकडे. प्रत्येकानं आपण चिनूला दिवसात काय देतो ते सांगायचं. सगळ्यांची जबानी एकाच शब्दावर येऊन थांबत होती: एवढंसं.

आई म्हणाली, "मी काय देते? माझ्या चहाबरोबर दोन बिस्किटं बुडवतो, एवढंसं." आमची ही म्हणाली, "शाळेतून भुकेला येतो, तर एवढासा लाडू. किंवा तुपातला शिरा, तोही वाटीभरसुद्धा नाही." मुलगा रात्री साडेआठला घरी येतो, दिवसभर पोराचं तोंड पाहिलं नाही ही टोचणी मनात असते, म्हणून येताना हातात चिप्सचा नाहीतर पेस्ट्रीचा एवढासा पुडा. सूनबाईनं स्वतःच्या नावापुढे रविवारचा पिझ्झा लिहिला, आणि खाली बारीक अक्षरात, 'जेवताना मोबाइल'. ऑडिटरनं स्वतःवर शेरा मारावा हे मी प्रथमच पाहिलं.

राहिलो मी. चिनूला शाळेतून आणून फिरवणं माझ्याकडे. फिरवणं म्हणजे स्कूटरवर पुढे उभा करून. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत भरपूर चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० साली केला. आमची बेकरी साठाव्या मीटरवर आहे. तिथलं पॅटिस गरम असतं. कायदा मोडल्याचा आरोप माझ्यावर कोणी ठेवू शकणार नाही.

सूनबाईनं बेरीज केली, खाली दोन रेषा ओढल्या आणि कागद मधोमध ठेवला. पाच 'एवढंसं' मिळून एका मोठ्या माणसाचं जेवण होत होतं, तेही पोराच्या नेहमीच्या जेवणावर वरकड. आमच्या लहानपणी हेच गणित उलटं मांडलेलं असे. एक आई, पाच पोरं. एवढंसं असायचं ते पाच जणांत वाटलं जायचं. आता वाढणारे पाच आणि खाणारा एक. प्रत्येकाला आपल्या हातचा घास प्रेमाचा वाटतो, आणि तो असतोही. पोटाला मात्र घास कोणाचा ते कळत नाही, ते नुसतं मोजत राहतं.

सगळे आईकडे पाहू लागले. दोष द्यायला म्हातारं माणूस सोयीचं असतं. पण मला दुसरा फोटो आठवला. १९७३ सालचा, शाळेतला. त्यात माझे खांदे सदऱ्यातून खुंटीसारखे वर आलेले आहेत. पितळी वाटी जिंकणारा तो हाच, असं सांगितलं तर शपथेवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मधे बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता. रेशनवर लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीला ना रंग ना चव. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी कोणाकडून तरी मूठभर आली तर घरात सण. आई ताटात वाढायची आणि 'माझं झालंय' म्हणायची. हे वाक्य तिनं त्या दोन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. रात्री आम्हा भावंडांना ती झोपेत उचलून बघायची. "हाताला लागत नाही पोर," असं शेजारणीशी बोलताना मी ऐकलेलं आहे.

त्या वर्षी तिच्या हातात जो तराजू बसला, तो पुढं कोणी तपासून शिक्का मारून घेतलाच नाही. दुकानदाराला वजनमापांवर वेळच्या वेळी शिक्का मारून घ्यावा लागतो. आयांना आणि आज्यांना कोण विचारणार? त्यामुळे कोपऱ्यावर मॉल आला, तरी आमच्या घरात पोर अजून बहात्तर सालच्या मापानंच तोललं जातं.

गंमत अशी, की आपल्या शरीरातला तराजूही त्याच दुकानातला दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या मागे आहेत. तिथली बाळं जन्मली सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडात साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्याच बाजूंनी लहान, स्नायूंनी तर फारच कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखलेली. बारीक, तरी आतून चरबी धरून. आईच्या पोटात असतानाच 'बाहेर टंचाई आहे, बेतानं घे आणि साठवून ठेव' असा निरोप मिळत असावा, असा तज्ज्ञांचा कयास. आणि निरोप ऐकून बाळ बाहेर येतं तर समोर पाच माणसं पाच वाट्या घेऊन उभी!

याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. फोटोत ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडच्या तक्त्यात पहिलं कुंपण मोठ्या माणसांच्या २५ ऐवजी २३ च्या बेतानं का घातलंय, ते यावरून कळावं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. वरून बारीक दिसणारं माणूससुद्धा आतून गुटगुटीत असतं, म्हटलं.

"मग वरूनही दिसू दे की," आई म्हणाली. "लपवायचं कशाला?"

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा मुलगा चिनूच्याच वयाचा. अगदी काडी. पण त्याच्याही हातात मी रोज पाच रुपयांचा पुडा बघतो, वेफर्सचा नाहीतर क्रीमच्या बिस्किटांचा. पाच रुपयांत एक केळंही धड येत नाही. पुडा मात्र वाडीवस्तीवरच्या शेवटच्या टपरीतही लटकलेला असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं उंचीनं खुरटलेली आढळली, आणि जास्त वजनाची ३.४ टक्के. दुसरा आकडा त्याआधीच्या पाहणीत २.१ होता. मला पूर्वी वाटायचं, ही दोन वेगळ्या घरांतली मुलं. आता वाटतं, पुडा एकच आहे.

मोबाइलचं म्हणाल, तर त्याच्यावर सगळं ढकलून आम्ही मोकळे होतो, पण ती फसवणूक आमचीच जुनी. चिऊच्या आणि काऊच्या नावानं घास भरवायचे ते कशासाठी? पोरानं तोंड फिरवल्यावरही आणखी चार घास आत जावेत म्हणून. चिऊ-काऊ गेले आणि स्क्रीन आला, इतकंच. फरक असा, की चिऊ निदान दहा घासांत उडून जायची. ही मोबाइलमधली संपतच नाही. पोराचं लक्ष तिच्यात, हात आमचा, आणि पोट भरल्याचा निरोप मधल्या मधे गहाळ.

खेळाची तर कहाणी आणखी सरळ आहे. मुलांनी रोज किमान ६० मिनिटं अंग मोडून हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूनबाईनं चिनूची मिनिटं मोजली. शाळेची बस नको म्हणून आजोबांची स्कूटर. पाचव्या मजल्याला लिफ्ट. पीटीचा तास आठवड्यातून दोनदा, त्यातला एक गणिताच्या बाई मागून घेतात. संध्याकाळी सोसायटीत खाली जावं, तर जिथं डबा ऐसपैस खेळायचा तिथं गाड्या, आणि भिंतीवर पाटी: 'येथे मुलांनी खेळू नये. गाडीस ओरखडा आल्यास पालक जबाबदार.' मुलांना ओरखडा आल्यास कोण, ते लिहिलेलं नाही. एकूण व्यायाम म्हणजे दप्तर उचलणं. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं २०२० चं सरकारी धोरण आहे. म्हणजे चिनूचं वजन वाढेल तशी दप्तराला सवलत! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. दोन्ही चषक भारतानं जिंकले, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे. चिनूनं ते सामने पाहिले, सोफ्यावर मांडी घालून, एका हातात पॅटिस. पॅटिस कोणी आणलं ते विचारू नका.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं नाही, डाएटही दिलं नाही. वाढत्या वयात वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही, म्हणाल्या. आहे तिथं धरून ठेवायचं, उंची येऊन गाठेल. त्याला एकट्याला वेगळं ताट नको, घरात सगळ्यांचं एकच. झोप भरपूर, दहा तासांच्या आसपास. आणि शेवटी म्हणाल्या, काय वाढायचं आणि केव्हा वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. ऐकायला ही अट सगळ्यात सोपी वाटली. घरी आल्यावर कळलं, की बाकी सगळं जमेल, हेच जमणार नाही. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणाला तर ते 'हो' धरतात, दुसऱ्यांदा म्हणाला तर लाजतोय म्हणतात, आणि तिसऱ्यांदा पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी सोडतात. आग्रहाशिवाय जेवण म्हणजे आमच्या लेखी खानावळ.

तरी हळूहळू काही बदललं. पावडरचा डबा गेला. त्यात आता हळद आहे, आणि तो मुलगा हळदीवर धावतो. स्कूटर दुरुस्तीला टाकली आणि परत आणायला मीच विसरतो. शाळा चालत वीस मिनिटांवर आहे, हे मला तीन वर्षांनी कळलं. बेकरीसमोरून जाताना आम्ही दोघं पलीकडच्या फुटपाथनं जातो, वास मात्र रस्ता ओलांडून येतोच. शुक्रवार पॅटिसला दिलेला आहे. पार्किंगमध्ये मुलांनी लगोरी मांडली, आमच्या अध्यक्षांचं पत्र आलं, आणि सूनबाईनं त्यांना वाढीचा तक्ता पाठवून दिला. उत्तर अजून आलेलं नाही, लगोरी चालू आहे.

मोठा उपद्रव दुसराच झाला. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, म्हणजे कशात किती साखर ते मुलांना दिसेल असा फलक. चिनूच्या शाळेत तो लागला आणि घरात एक इन्स्पेक्टर तयार झाला. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये आठ चमचे साखर असते हे त्यानं बापाला सांगितलं, तिथवर ठीक होतं. मग त्यानं माझे चहा मोजले. "आबा, दिवसाला सहा चमचे बरे असतात. तुमचे दुपारीच आठ झाले." आईच्या चहातल्या बिस्किटांपर्यंत प्रकरण पोचलं तेव्हा तिनं बशी पदराआड घेतली. बहात्तर साली जे लपवावं लागलं नाही ते आता लपवतेय, असं ती म्हणाली. पण हसत होती.

परवाची गोष्ट. रात्री सगळे जेवायला बसलो होतो, मोबाइल कपाटावर. भाकरी, मेथीची भाजी, आमटी, थोडा भात. चिनूनं अर्धी भाकरी खाल्ली, आमटी प्यायला, भाताचे चार घास घेतले, आणि ताट किंचित पुढे सरकवून म्हणाला, "बास."

पाच माणसांच्या तोंडातले पाच घास थांबले. आमच्या हिच्या ओठांवर 'एवढंसं' आलेलं मला स्पष्ट दिसलं. तिनं ते आमटीबरोबर गिळलं. आईच्या हातात भाताचा डाव होता, वरून तूप ओघळत होतं, आणि तो चिनूच्या ताटावर नेमका मधोमध थांबला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. डाव्या हातानं त्याचा दंड चाचपला. नेहमीसारखा, हाताला लागतोय का बघायला.

"झालं पोट?" तिनं विचारलं.

"झालं, मोठी आजी."

डाव थोडा वेळ तसाच राहिला. मग तो वळला, आमटीच्या पातेल्यावरून आला आणि अख्खाच्या अख्खा माझ्या ताटात उतरला.

"तू तरी घे रे," आई म्हणाली. "वाळलायस किती."